चाकातली करकर: तुमचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

या महिन्याच्या टपालात ब्रेकच्या आवाजाचीच पत्रं जास्त. पाऊस लागला की दरवर्षी हे असंच होतं. माझं गॅरेज परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागायच्या अलीकडे. वरून धापा टाकत उतरलेली गाडी पहिल्यांदा माझ्याच दारात थांबते, त्यामुळे हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं.

पत्रं वाचताना एक गोष्ट खटकली. आवाज कसा येतो ते सगळ्यांनी मन लावून लिहिलंय. कुणी ‘किर्र’ लिहिलं, कुणी ‘चिंईंई’, एका ताईंनी तर ‘पाटीवर नख ओढल्यासारखा’. पण आवाज येतो कधी, हे दोघा-तिघांनीच सांगितलं. ब्रेक दाबल्यावर की न दाबताच? सकाळी सकाळी की गाडी तापल्यावर? सरळ रस्त्याला की वळणावर? आम्हाला अर्धा रोग या ‘कधी’तच सापडतो. तेवढं पुढच्या वेळी लिहीत जा.

प्रश्न : माझी छोटी कार पाच वर्षांची आहे. सकाळी शाळेला निघताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला कर्रर्र असा आवाज येतो, गावाबाहेर पडेपर्यंत बंद होतो. पावसाळ्यात आणि गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त येतो. पॅड बदलून घेऊ का?
— एक शिक्षक, दर्यापूर तालुका

गुरुजी, नका बदलू. ‘कधी’ हे तुम्ही नीट लिहिलंत, म्हणून उत्तर सोपं झालं. पुढच्या चाकातली डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, असते बिडाची. रात्रभर ओल बसली की तिच्यावर तांबूस गंजाचा पापुद्रा धरतो. सकाळी ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तो खरवडून काढतात, त्याचाच हा आवाज. दोन-तीन ब्रेकमध्ये डिस्क पुन्हा चकचकीत होते. शिवाय तुम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरचं खारं पाणी गाडीवर मारल्यावर गंज दुप्पट जोमानं येणारच. धुतल्याबरोबर गाडी उभी करू नका. गावाला एक चक्कर मारा, चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबून डिस्क कोरडी करा, मग लावा.

हाच आवाज दोन-तीन किलोमीटरनंतरही राहिला, तर मात्र ती गंजाची गोष्ट नाही. मग चाक उघडून पाहावं लागेल.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीत गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या चाकातल्या ड्रमला त्याच्या आतून घासणारं लायनर गंजानं चिकटतं आणि निघताना ‘टण्ण’ करून सुटतं. कधी सुटतच नाही, मग आम्हाला हातोडी घेऊन यावं लागतं. सपाट जागा पाहा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

प्रश्न : ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ब्रेक मात्र चांगला लागतो. ओळखीचे एक जण म्हणाले की थोडं घासून दिलं की आवाज जातो. तसं करून घ्यावं का?
— एक ताई, मोर्शी

ताई, थांबा. आवाज घालवायच्या आधी तो कोण करतंय ते पाहू. इथं मला माझ्याच हातून झालेली चूक सांगावी लागते.

विशीतली गोष्ट. उस्तादाच्या हाताखाली दुसरं-तिसरं वर्ष. एका डॉक्टर साहेबांची गाडी आली, अगदी तुमच्यासारखीच शिट्टी. उस्ताद जेवायला गेले होते. मी चाक उतरवलं, तर पॅडच्या कडेला एक छोटी वाकडी पत्र्याची पट्टी, आणि तिचं टोक डिस्कला घासतंय. मला वाटलं, कशाला तरी लागून वाकली असेल. पक्कड घेतली आणि पट्टी वर वळवून टाकली. शिट्टी गायब. साहेब खूश, मला वरून वीस रुपये. मीही खूश, उस्तादाशिवाय गाडी दुरुस्त केली म्हणून.

अडीच-तीन महिन्यांनी तीच गाडी आली. या वेळी शिट्टी नव्हती, जात्यात खडे दळावेत तसा घर्रघर्र आवाज होता. चाक उघडलं तर पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, पूर्ण संपलेला, मागची लोखंडी पाटी सरळ डिस्कवर घासत होती. डिस्कवर नांगराच्या तासासारख्या रेघा. उस्तादानं मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. जुन्या पॅडची ती पट्टी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “हे पट्टी बोंबलाले ठेवली होती कंपनीनं. अन् तू तिचाच गळा दाबला!” डिस्कचे पैसे त्यांनी साहेबांकडून घेतले नाहीत, माझ्या पगारातून कापले. बरोबरच केलं.

तर ती पट्टी मुद्दाम तशी लावलेली असते. नव्या पॅडवर मसाला साधारण १० मिलीमीटर असतो. झिजत झिजत तो २-३ मिलीमीटरवर आला की पट्टीचं टोक डिस्कला टेकतं आणि शिट्टी वाजायला लागते. ब्रेक चांगला लागत असतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण शेवटच्या मिलीमीटरपर्यंत पॅड ब्रेक चांगलाच लावतं. घात होतो तो मसाला संपल्यावर. शिट्टीच्या टप्प्यावर फक्त पॅड बदलावे लागतात, घरघरीच्या टप्प्यावर पॅडसोबत डिस्कचाही खर्च बसतो.

चाक उतरवायला लावून दोन्ही बाजूंचे पॅड स्वतः पाहा, बाहेरचा आणि आतलाही. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या असतील तर एकच पॅड झिजतो आणि बाहेरून सगळं छान दिसतं. मसाला ३ मिलीमीटरच्या खाली असेल, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते त्याहून पातळ, तर दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदला. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

आणि मसाला भरपूर असेल तर? तर तुमचे ते ओळखीचे अर्धे बरोबर. कधी पॅड तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा होतो, कधी स्वस्तातला कडक पॅड बसवलेला असतो, कधी पॅडमागची पातळ पत्री बसवायला मिस्त्री विसरलेला असतो. पॅड आणि डिस्क एकमेकांवर थरथरतात, फडक्यानं काच पुसताना वाजते तसे. तेव्हा पॅडच्या तोंडावरून पॉलिश पेपर फिरवून, पत्री बसवून आवाज जातो. पण हे सगळं जाडी मोजल्यानंतर.

प्रश्न : माझा पिकअप आहे, संत्र्याचे कॅरेट भरून मार्केटला नेतो. बगिच्यापर्यंत पांदण रस्ता आहे. महिनाभरापासून ब्रेक मारला की मागून घर्रघर्र होते. शेजारी म्हणतो ड्रममध्ये थोडं डिझेल नाही तर ऑइल सोड, मोकळं होते. सोडू काय?
— एक संत्रा बागाईतदार, वरूड

नका सोडू, भाऊ. हात जोडून सांगतो.

ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे. आपल्या घरी बंडी होती. बंडीचं चाक करकरलं की आजोबा आखाला वंगण घालायचे आणि करकर बंद. तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की करकर म्हणजे वंगण कमी. बंडीच्या आखाला, दाराच्या बिजागरीला, रहाटाला ते खरं आहे. तिथं घासणं नकोच असतं. ब्रेकचं सगळं कामच घासण्यावर चालतं. लायनर ड्रमला घासतं म्हणून गाडी थांबते. त्यात ऑइल सोडलं म्हणजे गाडी थांबवणारी गोष्टच तुम्ही काढून घेतली. शिवाय लायनर ऑइल पिऊन घेतं. वरून कितीही पुसा, ड्रम तापला की ते पुन्हा बाहेर येतं. असं लायनर फेकण्याच्याच लायकीचं. एका चाकात ऑइल गेलं आणि दुसऱ्यात नाही, तर भरल्या गाडीनं ब्रेक दाबल्यावर गाडी आडवी होते, आणि मागे तुमचे दीड टन संत्रे असतात.

आता तुमच्या घरघरीकडे येतो. ड्रम म्हणजे उलटा घातलेला डबा. पांदणीतला काळा गारा आणि पाणी त्यात शिरतं, सुकतं, लायनरच्या भुकटीत मिसळतं आणि आत दळण सुरू होतं. आपली काळी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगड, तुम्हाला मी काय सांगू. हे एक कारण. दुसरं जास्त काळजीचं. पिकअपचं लायनर बहुतेक वेळा रिबिट मारून बसवलेलं असतं. ते झिजलं की रिबिटांची डोकी ड्रमला लागतात आणि ड्रममध्ये गोल नाल्या पाडतात. महिनाभर आवाज येतोय म्हणता, तर ड्रम उद्याच उघडा.

उघडल्यावर आत ओलं, चिकट दिसलं तर चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळतोय. सिलिंडर दुरुस्त केल्याशिवाय नवं लायनर बसवू नका, चार दिवसांत तेही भिजेल. आणि गॅरेजमधला पोरगा हवेचा पाइप घेऊन ड्रममधली भुकटी उडवायला लागला तर त्याला थांबवा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती भुकटी छातीत बसली की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची. आम्ही पोरपणी तोंडानं फुंकायचो. कुणी सांगितलंच नव्हतं.

मृगाचा माल निघायच्या आधी वर्षातून एकदा ड्रम उघडून साफ करत जा. तुमचा शेजारी चांगल्या मनानं सांगतोय, त्यालाही हे वाचायला द्या.

प्रश्न : गिट्टीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पुढच्या चाकातून सतत खर्रखर्र सुरू झालं. ब्रेक दाबला काय, न दाबला काय, सारखंच. पॅड तर तीन महिन्यांपूर्वीच बदलले.
— एक वाचक, धारणी

खडा अडकलाय. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते, तिच्या आणि डिस्कच्या फटीत. सपाट जागी गाडी सावकाश चार-पाच हात मागे घ्या, पुन्हा पुढे, असं दोन-तीनदा करा. बहुतेक वेळा खडा पडून जातो. नाही पडला तर चाक उतरवून ढाल बोटानं जराशी मागे दाबायची, दहा मिनिटांचं काम. फक्त हे धारणी-सेमाडोहच्या मधे रात्री करू नका. जंगलात चाकाखाली वाकलेल्या माणसाला मागून काय येतंय ते दिसत नाही.

खर्रखर्र नसून घूंऽऽ असा आवाज असेल, वेगासोबत वाढत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल, तर ब्रेकचा काही दोष नाही. ती चाकाची बेअरिंग आहे. लोक ब्रेक-ब्रेक म्हणून येतात आणि बेअरिंग बदलून जातात.

प्रश्न : मागच्या महिन्यात घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. उतरताना जळका वास आला, ब्रेक खोल जायला लागला. खाली येऊन चाकांवर पाणी मारलं तेव्हा वाफ निघाली. आता साठ-सत्तरच्या वेगात ब्रेक दाबला की भुर्रभुर्र होऊन स्टिअरिंग हलतं. काय बिघडलं?
— एक वाचक, अकोला

दादा, पावसाळ्यातला प्रत्येक रविवार मी हे पाहतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. तिथून सपाटीवर येईपर्यंत भरल्या गाडीला जेवढा जोर येतो, तो सगळा ब्रेकनंच अडवायचा ठरवला तर त्याची उष्णता होऊन डिस्कमध्येच जाणार. धुक्यात काही दिसत नाही म्हणून माणूस पाय ब्रेकवरून उचलतच नाही. मागच्या पावसाळ्यात एक जण खाली थांबून बादलीनं चाकावर पाणी ओतत होता. मी गॅरेजमधून ओरडत धावलो. त्याला वाटलं, पाण्याचे पैसे मागायला आलो.

तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते, कधी तडकते. तुमची तडकली नसावी, पण जागोजागी जाड-पातळ झाली आहे. पॅडचा जळलेला मसाला ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटला तरी असंच होतं. प्रत्येक फेऱ्याला पॅड एकदा जाडीवर चढतं, एकदा उतरतं, तेच तुमच्या हाताला आणि पायाला लागतं. डिस्क लेथवर घासून सरळ करता येते, पण किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. घासल्यावर जाडी त्याखाली जाणार असेल तर डिस्कची जोडीच बदला.

ब्रेक खोल गेला ती गोष्ट वेगळी, आणि तिला आवाज नसतो म्हणून मी तिला जास्त भितो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्याच्या प्रती डॉटच्या आकड्यानं ओळखतात. डॉट ३ हे ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत टिकतं. पाणी पिऊन बसलेलं डॉट ३ मात्र १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबल्यावर ते बुडबुडेच दबतात, ब्रेक नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली तरी. तुमचं कधी बदललंय ते आधी पाहा.

घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, तीव्र उताराला पहिल्या. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबून सोडा, दाबून सोडा, टेकवून ठेवू नका. आणि न्यूट्रल करून, इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे शहाणे आपल्याकडे अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो आणि पेडल लाकडासारखं कडक होतं. आजच्या गाड्यांमध्ये तर उताराला गिअरमध्ये असताना इंजिन डिझेल घेतच नाही, मग वाचवता काय?

वास आलाच तर सपाट जागी गाडी लावा आणि अर्धा तास थांबा. पाणी चाकावर नाही, स्वतः प्यायचं.

प्रश्न : गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढली की पहिल्या ब्रेकला ‘टक’ असा एकच आवाज येतो.
— एक वाचक, आर्वी

पॅड आपल्या खाचेत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतो, त्याचा आवाज. एकच आणि हलका असेल तर विसरून जा. खड्ड्यातही टकटक होत असेल किंवा प्रत्येक ब्रेकला ‘धडक’ असा दणका बसत असेल, तर कॅलिपरच्या पिना आणि खालच्या आर्मचे बुश तपासून घ्या.

प्रश्न : नवी गाडी घेतली. परवा समोर म्हैस आली म्हणून जोरात ब्रेक दाबला, तर पायाखाली कुर्रकुर्र झालं आणि पेडल पाय मागे ढकलायला लागलं. घाबरून पाय उचलला. शोरूमवाले म्हणतात काही बिघाड नाही.
— एक ताई, आर्णी

ते खरं सांगतायत. ते एबीएस. चाक घसरायला लागलं की ते ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतं-धरतं, म्हणजे चाक जाम होत नाही आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. पुढच्या वेळी पाय उचलू नका. पेडल थरथरलं तरी दाबून ठेवा आणि गाडी बाजूला वळवा. एकदा रिकाम्या मुरमाच्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही पाहून, तीसच्या वेगात मुद्दाम जोरात ब्रेक दाबून पाहा. एकदा पायाला ओळख झाली की घाबरायला होत नाही. म्हैस सुखरूप आहे, असं तुम्ही लिहिलं नाही, मी धरून चालतो.

प्रश्न : घरी गाडी बोंबलते, गॅरेजमध्ये नेली की एकदम गप्प. तीन चकरा झाल्या, मिस्त्री हसतो.
— एक वाचक, दारव्हा

मिस्त्रीनं हसू नये. आठ-दहा किलोमीटर चालून आलेली गाडी तापलेली, कोरडी असते. तुमचा आवाज थंड गाडीचा असणार. आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजवर सोडा आणि सकाळी पहिली चक्कर मिस्त्रीला मारायला लावा, तुम्ही शेजारी बसा. आवाज तापल्यावर येत असेल तर उलट करा, लांबून चालवत न्या आणि इंजिन बंद न करता त्याच्या हातात द्या. मोबाइलवर आवाज भरून ठेवायचा तर काच खाली करून, एखाद्या लांब भिंतीच्या कडेनं हळू चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या अंगाचा आहे ते कळतं. आमच्याकडे जिनिंगची भिंत त्याच कामाला येते.

दुरुस्ती : मागच्या अंकात एका उत्तरात ‘डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५ एकमेकांत चालतात’ असं माझ्याकडून लिहिलं गेलं. ते चूक आहे. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळतात, डॉट ५.१ सुद्धा त्यांच्यात मिसळतं. नुसतं डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ते या तिघांत मिसळत नाही आणि तुमच्या गाडीत घालायचं नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच घ्या, बाटली सीलबंद घ्या, आणि उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नका.